नाव खोडले, तरी माणूस उरतो

हार्बर लाईनवर गोवंडीला उतरले की गोवंडी स्टेशन रोडवर, देवनारमध्ये एक संस्था आहे. तिचे नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. १९५६ साली लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण आणि संशोधन यांसाठी एक केंद्र म्हणून ती सुरू झाली. आजचे नाव तिला १९८५ साली मिळाले. शेजारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेइतकी ती सर्वांच्या तोंडी नसते. पण आपल्या देशातल्या बायकांपैकी किती जणींना पंडुरोग आहे, किती मुलांना सर्व लसी मिळाल्या, किती घरांत संडास आहे, असे जे आकडे वर्तमानपत्रांत आपण वाचतो, त्यांतले बरेचसे या संस्थेच्या देखरेखीखाली होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून आलेले असतात.

या सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ मध्ये झाली आणि पाचवी २०१९-२१ मध्ये. पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे, ७,२४,११५ स्त्रिया आणि १,०१,८३९ पुरुष यांची माहिती गोळा झाली. विचारलेले प्रश्न साधे नसतात. किती मुले झाली, किती दगावली, गर्भपात झाला का, कुटुंबनियोजनासाठी काय वापरता, नवऱ्याने कधी हात उचलला का. सख्ख्या बहिणीला सांगणार नाही अशी माहिती एक स्त्री अनोळखी बाईला देते. का देते? कारण सुरुवातीलाच तिला सांगितलेले असते, की तुमचे उत्तर गुप्त राहील.

आता दुसरी बाजू पाहा. याच उत्तरांच्या फायली, अगदी एकेका व्यक्तीच्या नोंदीसकट, जगभरच्या संशोधकांना नाव नोंदवून आणि अभ्यासाचा विषय कळवून इंटरनेटवरून मिळत आल्या आहेत. मिळायलाच हव्यात, एवढा पैसा आणि श्रम खर्चून जमवलेली माहिती कपाटात ठेवून काय करायची? म्हणजे गुप्त ठेवण्याचे वचन एकीला दिलेले आणि उघडी करण्याचे वचन सगळ्यांना दिलेले. ही दोन वचने एकाच वेळी पाळायची कशी, हा गणिताचा आणि सचोटीचा प्रश्न आहे. शाळेची यादी, वर्गाची पाहणी, सहलीची छायाचित्रे इंटरनेटवर टाकताना हाच प्रश्न लहान रूपात आपल्यापुढे येतो. म्हणून तो जरा सविस्तर पाहू.

नाव काढले की झाले?

पहिले उत्तर कोणालाही सुचते. नावाचा रकाना पुसून टाकायचा. संशोधकांना मिळणाऱ्या फायलीत नाव आणि पत्ता नसतोच. पण एवढ्याने भागत नाही, हे अमेरिकेतल्या एका प्रसंगाने लख्खपणे दाखवून दिले. तिथल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या आरोग्य विम्याचे काम पाहणाऱ्या मंडळाने नव्वदीच्या दशकात त्यांच्या औषधोपचारांच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावे अर्थातच काढली होती. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मात्र तसेच ठेवले होते. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली. तिच्यात नावाबरोबर जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होते. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड हे केंब्रिजचे रहिवासी. त्यांच्या जन्मतारखेची माणसे त्या यादीत सहा निघाली, त्यांतले तिघे पुरुष आणि त्या तिघांत गव्हर्नरांच्या पिनकोडमध्ये राहणारा एकच. दोन कागद शेजारी ठेवताच नाव नसलेल्या नोंदीला नाव मिळाले.

यात कोणी कुलूप तोडले नाही, परवलीचा शब्द चोरला नाही. दोन्ही याद्या उघड्या होत्या. एकेकटी यादी निरुपद्रवी आणि दोन्ही मिळून घातक, असा हा प्रकार आहे. (आपल्याकडच्या प्रसिद्ध होणाऱ्या मतदार यादीत वय असते, जन्मतारीख नसते. फरक किरकोळ दिसतो, पण तो किती मोठा आहे हे पुढच्या हिशेबावरून कळेल.)

हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. समजा, आपल्या शाळेत पाचवी ते दहावीपर्यंत १,२०० मुले-मुली आहेत. त्यांचे जन्म साधारण सहा वर्षांत पसरलेले. जन्मतारीख आणि लिंग मिळून किती खाने होतील? ६ × ३६५ × २ = ४,३८०. आता एका विद्यार्थिनीचा खाना घ्या. दुसरे कोणतेही एक मूल त्याच खान्यात न पडण्याची शक्यता ४,३७९ भागिले ४,३८०. उरलेल्या १,१९९ पैकी एकही तिथे न पडण्याची शक्यता काढायची तर हा अपूर्णांक स्वतःशी १,१९९ वेळा गुणायचा. उत्तर सुमारे ०.७६ येते. म्हणजे १,२०० पैकी नऊशेच्या वर मुले केवळ जन्मतारीख आणि लिंग यांवरून एकमेवाद्वितीय ठरतात. त्या यादीत नाव लिहा अथवा लिहू नका, सारखेच.

तारखेऐवजी फक्त महिना आणि वर्ष ठेवले तर? खाने उरतात १४४ आणि दर खान्यात सरासरी आठ मुले. नुसते वर्ष ठेवले तर १२ खाने, प्रत्येकात शंभर. लसीकरणाचा किंवा वजन-उंचीचा अभ्यास करणाऱ्याला बहुतेक वेळा महिना आणि वर्ष पुरते. मग पूर्ण तारीख द्यायचीच कशाला? आमच्या मते खासगीपणाबद्दलचा सर्वांत उपयोगी प्रश्न हाच आहे: या रकान्यावाचून काम भागेल का?

या हिशेबात आपण जन्म वर्षभर सारखे पसरले आहेत असे धरले. प्रत्यक्षात तसे नसते, आणि महाराष्ट्रातल्या शिक्षकांना त्याचे एक गमतीदार उदाहरण ठाऊक आहे. मागच्या पिढ्यांत जन्माचा दाखला नसलेल्या मुलाची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजी सरसकट १ जून लिहीत. त्यामुळे आज १ जूनला वाढदिवस असलेले काका-मामा गावोगावी सापडतात. त्या गुरुजींनी नकळत आपल्या विद्यार्थ्यांना गर्दीत लपवून ठेवले! १ जूनवाल्याला तारखेवरून शोधणे अवघड. १७ ऑगस्टवाला लगेच सापडतो.

गर्दी हेच संरक्षण, ही कल्पना स्वीनी आणि पिएरांजेला समाराती यांनी १९९८ मध्ये नियमाच्या रूपात मांडली. प्रसिद्ध होणाऱ्या यादीतली प्रत्येक ओळ ओळख पटवणाऱ्या रकान्यांपुरती आणखी किमान काही ओळींसारखी हुबेहूब दिसली पाहिजे. ती 'काही' संख्या पाच ठेवायची की पंचवीस, हे माहिती किती नाजूक आहे यावर ठरवायचे. जिथे गर्दी कमी पडते तिथे रकाने ढोबळ करायचे. वयाऐवजी वयोगट, गावाऐवजी तालुका, तालुक्याऐवजी जिल्हा. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती, सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आत. 'जिल्हा' हा एकच शब्द, पण उपनगरातल्या माणसाला तो अकरा पट दाट पांघरूण देतो.

सर्वेक्षणात आणखी एक नैसर्गिक पांघरूण असते. ते नमुन्याचे असते, सर्वांचे नसते. एखाद्या भागातली नऊ मुले झालेली बाई आपल्याला माहीत असली, तरी फायलीतली नऊ मुलांची आई तीच कशावरून? तिच्या घरी पाहणीवाले गेलेच नसतील. परक्या माणसाला हे कोडे सुटत नाही. शेजारणीला मात्र सुटते, कारण पाहणीवाल्या बाई कोणाच्या दारात चपला काढून बसल्या होत्या हे तिने पाहिलेले असते. म्हणून नमुन्यावर विसंबून चालत नाही.

नकाशावरचा ठिपका

पत्ता लपवणे नावापेक्षा अवघड. पाहणीसाठी शहरातला जनगणनेचा एखादा गट किंवा एखादे खेडे निवडतात आणि तिथली काही घरे घेतात. चौथ्या आणि पाचव्या फेरीत प्रत्येक ठिकाणी २२ घरे निवडली होती. आता अभ्यासकांना या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हवे असतात, कारण दवाखाना किती दूर, हवा किती दूषित, पूर आला होता का, हे नकाशाशी ताडून पाहायचे असते. पण खरा ठिपका दिला तर २२ घरांपर्यंत पोहोचणे कठीण नाही.

यावरचा तोडगा असा. एक तर ठिपका एकेका घराचा नसतो, त्या ठिकाणाच्या मध्याचा असतो. दुसरे, तो जाणूनबुजून चुकीचा देतात. संगणक यदृच्छेने एक दिशा निवडतो, यदृच्छेने एक अंतर निवडतो आणि ठिपका तिकडे सरकवतो. शहरी ठिपका २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ठिपका ५ किलोमीटरपर्यंत. शंभरातला एक ग्रामीण ठिपका १० किलोमीटरपर्यंत सरकवतात, म्हणजे '५ किलोमीटरच्या वर्तुळात तो असणारच' अशी खात्रीही कोणाला राहत नाही. गोवंडीतला ठिपका चेंबूरच्या अंगाला जाईल नाहीतर मानखुर्दच्या. दवाखान्याचे अंतर एका ठिकाणापुरते चुकते. हजारो ठिकाणांचा एकत्र विचार केला की अशा चुकांचा परिणाम कसा हाताळायचा हे संख्याशास्त्राला माहीत आहे.

शहरात २ आणि खेड्यात ५ का? गर्दी. शहरात २ किलोमीटरच्या वर्तुळात लाखो माणसे येतात. माळरानावर तेवढ्याच वर्तुळात एखादी वाडी येईल.

यात एक खाच आहे. समजा, तोच ठिपका दर वर्षी नव्याने सरकवून दिला. वीस वर्षांचे वीस चुकीचे ठिपके कोणी नकाशावर मांडले आणि त्यांची सरासरी काढली तर? चुका सर्व दिशांना सारख्याच होत असल्याने त्या एकमेकींना खातात आणि सरासरी खऱ्या जागेच्या जवळ येते. तेव्हा ठिपका एकदाच सरकवायचा आणि नंतर त्याला हात लावायचा नाही. मुलांना आलेखाच्या कागदावर फासा टाकून हे करून पाहता येईल. भूमितीच्या तासाला चांगले रमतील.

आपल्या खिशातल्या फोनचे काय? सेटिंगमध्ये स्थानाची परवानगी दिलेली असली तर छायाचित्राच्या फायलीत अक्षांश-रेखांश दडलेले असतात. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा पहिला अंक ११ किलोमीटरचा, दुसरा सुमारे सव्वा किलोमीटरच्या आतला, तिसरा १११ मीटरचा, चौथा ११ मीटरचा. गोवंडी साधारण १९.०५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, एवढे सांगितले तर एक विभाग कळतो. आणखी दोन अंक सांगितले की गल्ली आणि जवळपास दारच कळते. शाळेच्या परिसरातली झाडे किंवा तुंबलेली गटारे मुलांकडून नकाशावर मांडून घ्यायची असतील तर चार अंक चालतील. मुलांच्या घरी पाणी किती वाजता येते याची पाहणी असेल तर दोनच ठेवावेत.

रक्ताचा थेंब

२००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी झाली. त्या काळी हा आजार कळला तर नोकरी, घर, सोयरीक सगळेच जाण्याची भीती होती. आजही ती गेली आहे असे म्हणवत नाही. अशा पाहण्यांत जी पद्धत वापरतात ती समजून घेण्यासारखी आहे.

बोटातून काढलेले रक्ताचे थेंब गाळणकागदावर वाळवायचे आणि त्यावर नाव न लिहिता रेघांच्या संकेताची चिकटपट्टी लावायची. तीच पट्टी प्रश्नावलीवरही. प्रयोगशाळेला फक्त पट्टी दिसते, माणूस दिसत नाही. पण प्रश्नावलीवरून माणूस शोधता येतो, हा धागा शिल्लक राहतोच. म्हणून रक्ताचे निकाल फायलीला जोडण्यापूर्वी प्रश्नावलीचे ओळख सांगणारे पान नष्ट करतात आणि ठिकाणांचे व घरांचे क्रमांक उलटसुलट करतात. त्यानंतरच दोन्ही जोडतात. आता संस्थेच्या संचालकांनी ठरवले तरी, किंवा न्यायालयाने हुकूम केला तरी, तो माणूस सापडत नाही. कोणाच्या चांगुलपणावर विसंबून न राहता वाटच मोडून टाकली आहे. आम्हाला ही पद्धत फार आवडते.

आणि तरीही ती अस्वस्थ करते. वाट मोडली ती दोन्ही बाजूंनी. ज्याच्या रक्तात विषाणू सापडला, त्यालाही ते कळवता येत नाही. तिसऱ्या फेरीत लोकांना निकाल दिला नाही. मोफत तपासणी आणि सल्ला कुठे मिळेल ते सांगितले. हिमोग्लोबिनचा आकडा मात्र त्याच बोटातल्या रक्तावरून तिथल्या तिथे सांगितला गेला, कारण त्यात कलंक नव्हता. पुढे औषधे सहज मिळू लागल्यावर, उपचार होण्याजोगा आजार माहीत असून न सांगणे योग्य का, असा प्रश्न जगभर विचारला गेला आणि काही देशांनी निकाल घरी सांगण्याची पद्धत सुरू केली. गुप्ततेची किंमत असते आणि कधी कधी ती ज्याला जपायचे त्यानेच मोजलेली असते.

नवऱ्याच्या मारहाणीबद्दलच्या प्रश्नांत तर संगणकाचा संबंधच नसतो. हे प्रश्न एका घरात एकाच स्त्रीला विचारायचे, म्हणजे सासू-सुनांना परस्परांची प्रश्नावली कळत नाही. आजूबाजूला कोणी नसेल तरच विचारायचे. एकांत मिळालाच नाही तर तो भाग कोरा सोडायचा. कोरा रकाना चालतो, ऐकू गेलेले उत्तर चालत नाही. गोवंडीच्या शिवाजीनगरात दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारी असताना हा एकांत मिळवणे किती कठीण असेल, याची कल्पना तिथे शिकवणाऱ्या शिक्षकांना आम्ही वेगळी करून द्यायला नको.

वस्तीची ओळख

गर्दीत लपवण्याच्या युक्तीला एक मोठे भोक आहे. पाच माणसे सारखी दिसतात, त्यामुळे त्यांतला आपला माणूस कोणता ते कळत नाही. पण पाचही जणांच्या पुढे क्षयरोग असेच लिहिले असेल तर? मग तो कोणता हे कळायची गरजच काय! हेच मोठ्या प्रमाणावर वस्त्यांचे होते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो महानगरपालिकेचा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. त्यात एकाही माणसाचे नाव नाही, एकाचीही गुप्तता भंगलेली नाही. पण पत्त्यात ४०००४३ हा पिनकोड लिहिणाऱ्या मुलाकडे नोकरी देणारा किंवा कर्ज देणारा कसा पाहील? असे आकडे दाबून ठेवावेत असे आम्ही म्हणत नाही. आकडे नसते तर दवाखान्याची मागणी कशाच्या जोरावर करायची? मात्र नाव पुसले म्हणजे कोणाला इजा होणार नाही, हा समज खोटा आहे.

कायदा या बाबतीत अर्धवट मदतीला येतो. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार जनगणनेच्या नोंदी कोणाला पाहता येत नाहीत आणि एरवी पुरावा म्हणून वापरता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्याने अठरा वर्षांखालील सर्वांना बालक धरले आहे. संशोधन आणि सांख्यिकी यांना त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल तरच. शिष्यवृत्तीसाठी गोळा केलेली जात, आधार आणि बँक खात्यांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय कोणत्याच सवलतीत बसवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

शेवटी वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. १९६५ साली एस. एल. वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने अशी पद्धत मांडली की विचारणाऱ्यालाच खरे उत्तर कळू नये, पण टक्केवारी कळावी. तिचे एक सोपे रूप घेऊ. प्रश्न: 'या आठवड्यात दुसऱ्याचा गृहपाठ उतरवून काढलात का?' प्रत्येकाने हाताआड नाणे उडवायचे. छाप पडली तर काहीही असो, 'हो' लिहायचे. काटा पडला तर खरे लिहायचे. चिठ्ठीवर 'हो' दिसले तर ते नाण्याचे की मुलाचे, हे शिक्षकांना कधीच कळणार नाही. समजा, ४० मुलांत २६ 'हो' निघाले. त्यांतले सुमारे २० छापेचे. काटा पडलेल्या २० जणांत खरे 'हो' ६, म्हणजे ३० टक्के.

पण हा ३० किती पक्का? ४० नाण्यांत नेमके २० छापे पडतीलच असे नाही. हिशेब केला तर या उत्तरात सहज १५ टक्क्यांची चूक संभवते. खरे प्रमाण १५ असेल किंवा ४५ असेल. हेच शाळेतल्या ४०० मुलांवर केले तर चूक पाचाच्या आसपास येते. दहापट मुले घेतली, चूक तिपटीने कमी झाली. प्रयोग करताना एक पथ्य पाळावे लागते. नाणे खाली पडले आणि छाप-काटा सर्वांना दिसला, तर त्या मुलाला ते पुन्हा उडवू द्यावे.